टोबॅगो: नुसतं पडून राहायला कसं आहे, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू टोबॅगोचा आहे, ट्रिनिदादचा नाही. देश एकच, कॅरिबियनमधला ट्रिनिदाद अँड टोबॅगो, पण बेटं दोन आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. ट्रिनिदादमध्ये तेल, गॅस, ट्रॅफिक, कार्निव्हल, सगळं दणक्यात. टोबॅगो म्हणजे साधारण ४० किलोमीटर लांब, जेमतेम १० किलोमीटर रुंद, साठ हजाराच्या आसपास माणसं, आणि त्यातल्या कुणालाही कुठेही वेळेवर पोचायचं नसतं असं वाटावं इतका निवांतपणा. हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं तर पुढे वाचा, आणि वैताग आला तर सरळ कॅनकूनचं बुकिंग करा, खरंच.

आमच्याकडे न्यू जर्सीत थंडी सुरू झाली की प्रत्येक गेट-टुगेदरला कॅरिबियनचे किस्से निघतात. क्रूझवाले तर हमखास असतातच, आठवड्यात चार-पाच बेटं, प्रत्येक ठिकाणी सहा तास, आणि फोटो दाखवताना कुठलं बेट कुठलं यावरून नवराबायकोतच वाद. एक मैत्रीण अरुबाची भक्त आहे, तिला निवडुंग आणि वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेली ती दिवी-दिवीची झाडं इतकी आवडतात की ती दुसरीकडे जातच नाही, शिवाय अरुबा हरिकेनच्या पट्ट्याच्या खाली असल्यामुळे सप्टेंबरमध्येही बिनधास्त जाता येतं हा तिचा ठरलेला मुद्दा. एकजण सेंट मार्टिनला जाऊन माहो बीचवर डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचे व्हिडिओ घेऊन आला, बेट अर्धं फ्रेंच अर्धं डच आहे हे त्याला परत आल्यावर कळलं. आणि आमचे दीर-जाऊ जमैकाला माँटेगो बेच्या ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये राहून आले. हाताला पट्टा, गेटच्या आत सगळं, गेटच्या बाहेर एअरपोर्टच्या बसशिवाय पाऊल नाही. जमैका कसं आहे विचारलं तर बुफेत काय काय होतं ते सांगतात. आता ह्यात वाईट काही नाही, दोन लहान मुलं घेऊन गेलेल्या माणसाला तो पट्टा म्हणजे देवाचा प्रसाद वाटतो हे मला मान्य आहे. पण मला बेट बघायचं होतं, आणि त्याहून जास्त म्हणजे कुणीही मला "आता कुठे जायचं" असं विचारू नये अशी इच्छा होती.

टोबॅगो निघालं ते तीन कारणांनी. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. सासऱ्यांना ट्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचं क्रिकेटचं मैदान बघायचं होतं (त्यावर पुढे येते). आणि लेकीला समुद्री कासवं बघायची होती. नवऱ्याचं काही म्हणणं नव्हतं, वायफाय असलं की त्याला कुठलंही बेट चालतं.

जायचं कसं, तर न्यूयॉर्कहून पोर्ट ऑफ स्पेनला साधारण पाच तासांची फ्लाइट आणि तिथून छोट्या पंख्याच्या विमानाने टोबॅगो, ते जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, वर जाऊन सरळ होतंय तोवर उतरायची घोषणा. फेरीचाही पर्याय आहे, पोर्ट ऑफ स्पेन ते स्कारबरो, तीन-साडेतीन तास धरा, स्वस्त पडते आणि गाडी नेता येते म्हणून ट्रिनिदादचे लोक तीच घेतात, पण मधला समुद्र चांगलाच खवळलेला असतो आणि ज्यांना घाटात बस लागते त्यांनी हा विचारसुद्धा करू नये. टोबॅगोचा एअरपोर्ट क्राउन पॉइंटला, नाव ए. एन. आर. रॉबिन्सन यांचं. हे टोबॅगोचेच, आधी पंतप्रधान आणि मग राष्ट्रपती झाले, १९९० च्या बंडात संसदेत ओलीस असताना पायाला गोळी लागली तरी सैन्याला हल्ला करा म्हणून सांगणारा माणूस. आणि एवढ्या माणसाच्या नावाच्या एअरपोर्टमधून बाहेर पडलं की दहा मिनिटं चालून तुम्ही स्टोअर बेच्या वाळूत. बॅग ओढत बीचवर जायचं असेल तर जगात याहून सोयीचा एअरपोर्ट मी तरी पाहिलेला नाही.

राहायला क्राउन पॉइंटलाच एक गेस्टहाऊस घेतलं होतं, नाव देत नाही कारण बाई स्वभावाने फार चांगल्या होत्या, पण सांगायला हवं ते सांगते. गरम पाण्याचा गीझर स्वतःच्या मर्जीने चालायचा. किचनमध्ये चार भांडी, त्यातलं एक बिनझाकणाचं. वायफाय व्हरांड्यात येतं, खोलीत येत नाही, त्यामुळे नवरा सतत व्हरांड्यात, आणि त्यामुळे शेजारच्या प्रत्येक माणसाशी त्याची ओळख झाली, हा फायदाच म्हणायचा. पहाटे मात्र झोप विसरा. कोकरिको नावाचा एक पक्षी आहे तिथे, कोंबडीएवढा, तपकिरी, टोबॅगोचा राष्ट्रीय पक्षी, देशाच्या मानचिन्हावरसुद्धा आहे, आणि त्याचा आवाज म्हणजे गंजलेलं बिजागर कुणीतरी मुद्दाम जोरजोरात हलवतंय. एकाने सुरुवात केली की अख्खी टोळी उत्तर देते. शेतकऱ्यांचाही त्याच्यावर राग, भाज्या-फळं खाऊन टाकतो म्हणून. गेस्टहाऊसला पाचपैकी तीन, कोकरिकोला शून्य.

आता वेगाबद्दल, कारण सगळे रिव्ह्यू इथेच बिघडतात. भाड्याची गाडी सकाळी नऊला येणार होती, साडेदहाला आली, आणणारा मुलगा इतका खुशीत होता की रागावणं जमेना. जेवणाची ऑर्डर दिल्यावर पाऊण तास, कधी तासभर सुद्धा लागतो, कारण खरोखर तेव्हाच फोडणी पडते. दुकानात काउंटरवरची बाई आधी पुढच्या माणसाच्या आईची चौकशी पूर्ण करणार आणि मग तुमच्याकडे बघणार, आणि हो, तुम्ही आधी "गुड मॉर्निंग" म्हटलं नाहीत तर चेहरा उतरतो. आत शिरताना गुड मॉर्निंग म्हणायचंच, बँक असो, टॅक्सी असो, डॉक्टरची वेटिंग रूम असो. सासरे दुसऱ्याच दिवशी यात तरबेज झाले, मोकळ्या बसस्टॉपलाही गुड मॉर्निंग म्हणायचे बाकी होते. आमच्यातला जो अमेरिकन झालेला भाग आहे ना, बिल मागितलं की दोन मिनिटात हवं, तो पहिले दोन दिवस तडफडतो आणि मग गप्प होतो. पुण्यातून येणाऱ्यांना तेवढाही त्रास होणार नाही, दुपारी एक ते चार दुकान बंद ही कल्पना आपल्याला परकी नाही.

खाणं. इथे मी जरा लांब लिहिणार आहे कारण शाकाहारी लोक कॅरिबियनला घाबरतात आणि टोबॅगोत घाबरायची गरज नाही, फक्त विचारायची गरज आहे. १८४५ च्या ३० मे ला फातेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन ट्रिनिदादला लागलं आणि १९१७ पर्यंत असे साधारण एक लाख चव्वेचाळीस हजार लोक आले, बहुतेक यूपी-बिहारकडचे, उसाच्या मळ्यांवर कराराने. त्यांचं जेवण आता सगळ्या देशाचं जेवण झालंय. टोबॅगोत भारतीय वंशाचे लोक कमी, तिथे बहुतेक सगळे आफ्रिकन वंशाचे, पण रोटी आणि डबल्स सगळेच खातात. डबल्स म्हणजे दोन मऊ, हळदीच्या पिवळ्या तळलेल्या पुऱ्या, त्यांना बारा म्हणतात, त्यावर छोले, चिंचेची चटणी, काकडी, आणि पेपर सॉस. कागदात गुंडाळून देतात आणि उभ्याउभ्या खायचं, बसून खाणारा पर्यटक लगेच ओळखू येतो. पेपर किती हे विचारतात, तेव्हा "स्लाइट" म्हणा, आपण कोल्हापूरचे आहोत वगैरे मिजास तिथे चालत नाही, नवऱ्याने "फुल" म्हटलं आणि पुढचा अर्धा तास तो कुणाशीच बोलला नाही. ती मिरची हबनेरोच्या जातीची आहे, तिखटपणा मागून येतो आणि मग जात नाही.

धालपुरी रोटी हा सासूबाईंचा शोध. आत हरभऱ्याच्या डाळीसारख्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण, जिऱ्याचा वास, मीठ आहे गूळ नाही एवढंच, आणि लाटलीय इतकी पातळ की त्यांनी दुकानातल्या बाईंना पोळपाट दाखवा म्हणून सांगितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही पण सारण किती कोरडं करता यावर हातवारे करून बराच वेळ चर्चा झाली, मागे रांग थांबली होती आणि रांगेतल्या एकाचीही तक्रार नव्हती, म्हटलं ना घाई नसते. आत भोपळा, बटाटा-छोले, आणि पालेभाजी असं भरून मागा, पोट भरतं. दुसरी रोटी म्हणजे बस-अप-शट, पराठा तव्यावरच थापट्यांनी फोडून चिंध्या करून देतात, तोही झकास.

आणि कॅलालू. ही तिथली रविवारची डिश, अळूची पानं (त्यांच्याकडे डशीन), भेंडी, नारळाचं दूध, भोपळा, सगळं शिजवून घोटून टाकायचं. दिसायला अळूचं फदफदं, चवीला नारळामुळे थोडं कोकणाकडे झुकणारं. फक्त विचारून घ्या, कारण बरेचदा त्यात खेकडा टाकतात किंवा खारवलेलं डुकराचं मांस, हिरव्या रश्शात दिसत नाही. सहीना म्हणून एक प्रकार मिळाला, अळूच्या पानाला डाळीचं पीठ लावून तळलेला. सासूबाई म्हणाल्या, "गुंडाळी सैल झालीय गं ह्यांची," पण तीन खाल्ल्या.

मी मासे खाते त्यामुळे माझी मजा वेगळी. स्टोअर बेला रस्त्याच्या कडेला ओळीने छोट्या टपऱ्या आहेत, बायका चालवतात, प्रत्येकीच्या टपरीवर तिचं नाव, मिस अमुक आणि मिस तमुक, आणि सगळ्यांचा मेन्यू जवळपास एकच. तिथे क्रॅब अँड डंपलिंग खायचं. खेकड्याची करी आणि सोबत पिठाचे घट्ट, जड उकडलेले गोळे. कपडे खराब होणार हे धरून चला, खेकडा हातानेच फोडायचा असतो आणि रस कोपरापर्यंत येतो. करी पावडर आपल्यापेक्षा वेगळी, हळद-मेथी पुढे, तिखट मागे. मला डंपलिंग फार आवडले असं म्हणणार नाही, दगडाचे वाटले, पण करी बोटं चाटून संपवली. ती मॅकरोनी पाय म्हणून चीज घातलेला जो ठोकळा देतात तो मात्र लेकीने रोज खाल्ला, रोज.

समुद्राकडे येऊ. पिजन पॉइंट म्हणजे ते गवताच्या छपराचा धक्का असलेलं ठिकाण, टोबॅगोचा जो फोटो तुम्ही पाहिला असेल तो तिथलाच. आत जायला थोडी एंट्री फी आहे, पण बाथरूम स्वच्छ, सावली भरपूर, पाणी शांत, आणि सासू-सासऱ्यांना गुडघाभर पाण्यात खुर्ची टाकून बसता येतं, त्यामुळे आम्ही तिथेच सर्वात जास्त पडून होतो. काय केलं विचाराल तर काही नाही. माझ्याकडे एक जाड कादंबरी होती, तिची पहिली चाळीस पानं झाली. सासरे एका म्हाताऱ्या नारळवाल्याशी गप्पा मारायचे, तो शहाळं एका हातात धरून कोयत्याने तीन घावात उघडायचा, आणि दोघांचं इंग्लिश एकमेकांना अर्धंच कळत असावं, पण विषय क्रिकेट असल्यामुळे तेवढं पुरायचं.

काचेच्या तळाच्या बोटीने बुक्कू रीफ आणि नायलॉन पूल ही सगळे करतात ती ट्रिप. नायलॉन पूल म्हणजे भर समुद्रात, किनाऱ्यापासून चांगलं लांब, अचानक कंबरभर पाणी आणि खाली पांढरी वाळू. बोट थांबते आणि सगळे खाली उतरून समुद्राच्या मध्यावर उभे राहतात, जाम विचित्र वाटतं. एकदा ब्रिटनची राजकन्या मार्गारेट आली होती, पाणी तिच्या नायलॉनच्या मोज्यांइतकं पारदर्शक आहे म्हणाली म्हणून हे नाव, असं सांगतात. तिथली वाळू अंगाला चोळली की दहा वर्षांनी तरुण होतो असं बोटवाला सांगतो. सासूबाईंनी आधी हसून नाही म्हटलं आणि मग सगळ्यांची पाठ वळल्यावर दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळली, मी पाहिलं. बोटीवर सोका, म्हणजे तिथलं नाचाचं संगीत, इतक्या मोठ्याने वाजतं की माशांनाही पाठ झालं असेल. रीफबद्दल मात्र स्पष्ट सांगते, फार आशा ठेवून जाऊ नका. वर्षानुवर्षं लोकांनी त्यावर चालून मोडतोड केली, गरम पाण्याने कोरल पांढरं पडलं, आता मासे आहेत, पंख्यासारखं कोरल आहे, पण बराच भाग राखाडी. खरंच बघायचं असेल तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला स्पेसाइडला जा, तिथे मेंदूसारख्या घड्या असलेलं एक अवाढव्य कोरल आहे, जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी. आणि पावसाळ्यात ओरिनोको नदीचं पाणी व्हेनेझुएलाकडून वर येतं तेव्हा समुद्र हिरवट होतो, तळ नीट दिसत नाही, तेव्हा स्नॉर्कलिंगसाठीच जाणार असाल तर कोरड्या महिन्यांत जा.

कासवांसाठी मी या ट्रिपला पाचपैकी सहा देईन. मार्च ते ऑगस्ट ग्रेट कोरलंड बेवर लेदरबॅक अंडी घालायला येतात, म्हणून त्या किनाऱ्याला टर्टल बीचच म्हणतात. रात्री स्थानिक गाइड आणि स्वयंसेवकांबरोबर जायचं, लाल दिवा, फ्लॅश अजिबात नाही, बोलायचं नाही, आणि वाट बघायची, काही रात्री काहीच येत नाही हे आधीच सांगतात. आम्हाला उशिरा, जवळजवळ अकरा वाजता एक दिसली. आपल्याकडे वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी समुद्रात जाताना बघितलेली असतात, हाताच्या पंजावर मावतील एवढी, ते डोक्यात धरून गेलात तर हादराल. ही बाई दीड मीटरहून लांब, वजन शेकडो किलो, पाठीला कडक कवच नाही, काळ्या रबरासारखी कातडी आणि त्यावर उभे कंगोरे. मागच्या पंखांनी खड्डा खणते तो इतका नीट खणते, एक पंख माती काढतो तेव्हा दुसरा कड धरून ठेवतो, लेक तासभर गुडघ्यावर बसून बघत होती आणि एकदाही "मला कंटाळा आला" म्हणाली नाही, हा आमच्या घरातला विक्रम.

उत्तरेकडचा किनारा गाडीने करा, पण एका दिवसात सगळं नको. रस्ता वळणाचा, अरुंद, गाड्या डावीकडून म्हणून आपल्याला सोपं, पण वळणावर समोरचा हॉर्न मारून मधूनच येतो. कास्टारा हे गाव मला सर्वात आवडलं. कोळ्यांचं गाव, बीचवरच मातीची भट्टी, ठराविक दिवशी त्यात पाव भाजतात, आणि नशीब असेल तर जाळं ओढताना सापडतात. तीच आपली रापण, अर्धवर्तुळात जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं. बघ्यांनाही दोर धरायला लावतात, नवऱ्याने धरला, बदल्यात त्याला दोन मासे मिळाले, ते त्याने गेस्टहाऊसच्या बिनझाकणाच्या भांड्यात शिजवले, सासूबाई तेवढा वेळ व्हरांड्यात. पुढे इंग्लिशमन्स बेला गर्दी फार कमी, मागे जंगल उतरून थेट वाळूपर्यंत येतं.

ते जंगल म्हणजे मेन रिज, १७७६ च्या एप्रिलमध्ये कायद्याने राखीव केलेलं. म्हणजे अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी दोन-तीन महिने. कारण मला भारी वाटलं, झाडं असली की पाऊस पडतो आणि पाऊस पडला की ऊस, म्हणून मळेवाल्या इंग्रजांनी डोंगरावरचं रान तोडायचं नाही असं ठरवलं. हेतू साखरेचा पण रान वाचलं. गिल्पिन ट्रेस म्हणून पायवाट आहे, गाइड घ्या, भाड्याने गमबूट मिळतात ते पण घ्या, चिखल खूप. १९६३ च्या फ्लोरा वादळाने हे जंगल अक्षरशः आडवं केलं होतं आणि पांढऱ्या शेपटीचा एक हमिंगबर्ड तर संपलाच असं सगळे धरून चालले होते, तो १९७४ मध्ये पुन्हा सापडला. आम्हाला गाइडने दाखवला, म्हणजे त्याने "तो बघा" म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी "हो हो" म्हटलं.

जाताजाता प्लिमथला एक थडगं आहे तिथे पाच मिनिटं थांबा. बेटी स्टिव्हन, १७८३. दगडावर लिहिलंय की ती नकळत आई झाली आणि नवऱ्याला कळू न देता बायको होती. म्हणजे नेमकं काय, यावर अडीचशे वर्षं लोक डोकं खाजवतायत. गाडीत आमच्या तीन थिअरी झाल्या, सासूबाईंची सर्वात भन्नाट होती आणि इथे लिहिण्यासारखी नाही.

परतीला ट्रिनिदादमध्ये थांबलो ते सासऱ्यांसाठी. क्वीन्स पार्क ओव्हल. १९७१ च्या मार्चमध्ये इथे गावसकर पहिली टेस्ट खेळला, ६५ आणि नाबाद ६७, सरदेसाईचं शतक, कॅप्टन वाडेकर, आणि भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. मग एप्रिलमध्ये शेवटच्या टेस्टला त्याच मैदानावर गावसकरचे १२४ आणि २२०. सासरे तेव्हा शाळेत, दादरला, सकाळी पेपर येईपर्यंत स्कोअर कळायचा नाही, ते सगळं त्यांनी टॅक्सीत सांगायला सुरुवात केली आणि मग ड्रायव्हरने बाकीचं सांगितलं. तो म्हणाला माझ्या बापाने २२० बघितले होते, आणि गावसकरवर तेव्हा कॅलिप्सो निघालं होतं त्याच्या दोन ओळी स्टिअरिंगवर ताल धरून म्हणून दाखवल्या. मग १९७६, ४०३ चा पाठलाग, विश्वनाथ, मोहिंदर, दोघांचा आवाज चढलेला, मी आणि सासूबाई मागे बसून डबल्स खात होतो. मैदान बाहेरून छोटंसं, शहराच्या मधोमध, मागे हिरवे डोंगर, गेटवरच्या माणसाने आत नेऊन स्टँडपर्यंत सोडलं. सासरे तिथे खूप वेळ काही न बोलता बसले आणि मग म्हणाले, "बाउंड्री काय मोठी नाहीये रे." सासूबाईंसाठी कारापिचायमाचं दत्ताचं देऊळ आणि तिथला ८५ फुटी हनुमान केला, तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे, शिवदास साधू नावाच्या मजुराने सायकलवरून दगड वाहून समुद्रात भराव घातला, कारण जमिनीवर बांधलेलं साखर कंपनीच्या जागेत म्हणून पाडलं होतं आणि त्याला तुरुंगातही टाकलं होतं. वेळ असेल तर चुकवू नका.

तक्रारी उरल्यात त्या उरकते. संध्याकाळी बीचवर बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत, खाज चार दिवस राहते, ओडोमॉससारखं काहीतरी न्याच. किराणा महाग, सगळं बाहेरून येतं, चीज आणि तृणधान्यांच्या किमती बघून जर्सी स्वस्त वाटली. रविवारी दुपारनंतर बरंच बंद. अटलांटिकच्या बाजूच्या किनाऱ्यांवर काही महिने सरगॅसम शेवाळ येऊन पडतं, कुजलेल्या अंड्यासारखा वास, त्यामुळे हॉटेल बघताना कुठल्या बाजूला आहे ते बघा, कॅरिबियनची बाजू घ्या. रात्री सुनसान बीचवर फिरू नका, गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका, हे आम्हाला तिथल्याच लोकांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि आम्ही ऐकलं, जायच्या आधी सरकारी ट्रॅव्हल अॅडव्हायझरीही वाचून घ्या. टॅक्सीची नंबरप्लेट एच ने सुरू होते, पी असलेली गाडी थांबली तर ती खासगी आहे. कार्ड सगळीकडे चालत नाही, टपऱ्यांवर तर नाहीच, एटीएममधून टीटी डॉलर (तिथलं चलन) काढून ठेवा, एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास मिळतात.

एकूण पाचपैकी चार. एक तारा त्या गीझरचा आणि रीफचा मिळून कापलाय. नाइटलाइफ हवी असेल तर बुक्कूला रविवारी रात्री संडे स्कूल नावाची रस्त्यावरची पार्टी असते, आधी स्टीलपॅन आणि मग उशिरा मोठ्या आवाजातला डीजे, बाकी दिवस नऊला सामसूम. वॉटरपार्क, शॉपिंग, किड्स क्लब, रोज वेगळा बुफे असं हवं असेल तर हे बेट तुमचं नाही, दिरांना मी पाठवणार नाही. आजी-आजोबांना घेऊन, किंवा पुस्तकं घेऊन, किंवा नुसतं झोपायला जाणार असाल तर डोळे मिटून जा. एप्रिल-मे बघा, हवा कोरडी असते आणि कासवंही येतात, फक्त इस्टरच्या आठवड्यात अर्धं ट्रिनिदाद टोबॅगोत उतरतं, मंगळवारी बुक्कूला बकऱ्यांच्या शर्यती असतात, जॉकी दोरी धरून मागे पळतात, १९२५ पासून चालू आहे. आमची तारखेने हुकली. त्यासाठीच जायचं असेल तर खोली आणि गाडी दोन्ही कित्येक महिने आधी बुक करा, आणि गाडी नऊची सांगितली असेल तर साडेदहाचा प्लॅन करा.